पाझर तलावाचा हिशेब : प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर 2024 ते जून 2025

3 ऑक्टोबर 2024

काम ठरले. आळत्याच्या डोंगराच्या उतारावरचे एक गाव, तालुका हातकणंगले. गावाच्या वरच्या अंगाला बाहत्तरच्या दुष्काळात रोजगारासाठी खोदलेला पाझर तलाव, म्हणजे पाणी अडवून जमिनीत मुरवणारा तलाव, आहे. सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) फुटल्यापासून दसऱ्यानंतर त्यात पाणी ठरत नव्हते. गेल्या उन्हाळ्यात सांडवा बांधला, गाळ काढला, आता तलाव भरलेला आहे. प्रश्न एकच: या दुरुस्तीतून शेतीला पैशात काय मिळाले? पाणी किती मुरले हा त्यातला निम्मा प्रश्न झाला.

जागा मुद्दाम निवडली. कोल्हापूर जिल्ह्यात ‘पुनर्भरण करा’, म्हणजे पाणी जमिनीत मुरवा, असे सरसकट सांगणे धोक्याचे आहे. गगनबावड्यात वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तिथली जमीन ऑगस्टमध्येच तुडुंब होते. वरून ओतलेले पाणी आत जायला जागाच नसते, ते ओढ्याने नदीला जाते. दुसऱ्या टोकाला शिरोळ. पाऊस 500-600 मिलिमीटरच्या घरात, पण नदी आणि उपसा योजनांचे पाणी वर्षानुवर्षे उसाला पाजून पाणथळ आणि क्षारपड झालेली हजारो एकर जमीन. तिथे पाण्याची पातळी वर आणणे म्हणजे नुकसान. तिथले शेतकरी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून पाणी बाहेर काढायला पैसे मोजताहेत. एकाच जिल्ह्यात मुरवलेल्या घनमीटरची किंमत कुठे शून्य, तर कुठे उणे. पुनर्भरणाला खरी किंमत आहे ती या दोहोंच्या मधल्या माळाच्या पट्ट्यात, जिथे नदीचे पाणी चढत नाही आणि विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते. आमचे गाव त्या पट्ट्यातले.

19 ऑक्टोबर

विहिरींची निवड. तलावाखालच्या ओढ्याकाठच्या काही, आणि तुलनेसाठी पलीकडच्या ओढ्याकाठच्या तेवढ्याच. दोन्हीकडे माती सारखी, विहिरींची खोली साधारण सारखी, पलीकडे तलाव मात्र नाही.

पलीकडच्या दोन विहिरी यादीतून काढल्या. त्यांच्या वरच्या शेतांना सहकारी उपसा संस्थेचे नदीचे पाणी येते. उसाला पाट भरून पाणी पाजले की त्यातला बराच वाटा खाली मुरतो आणि विहिरीत उतरतो. अशी विहीर तुलनेत ठेवली तर तलावाचा फायदा कमी दिसेल. तलावाखालच्या यादीत ठेवली तर नदीचे पाणी तलावाच्या नावावर चढेल. कोल्हापूर भागात हा घोळ फार होतो. जिकडे बघावे तिकडे पाइपलाइन.

गावातल्या तात्यांचा सल्ला: “सर, मापं कशाला घेताय? गेल्या साली हीर कोरडी हुती, अवंदा काठोकाठ हाय. झालं की.”

नेमके हेच टाळायचे आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये शासनाने जे 40 तालुके दुष्काळी जाहीर केले त्यांत कोल्हापूरचे दोन होते, हातकणंगले आणि गडहिंग्लज. आणि जुलै 2024 मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली. दुष्काळी वर्षाशेजारी पुराचे वर्ष ठेवून ‘आधी आणि नंतर’ बघितले तर तलाव दुरुस्त न करताही तो यशस्वी दिसेल. म्हणून तुलना आधी-नंतरची न करता तलाव असलेल्या आणि नसलेल्या ओढ्यांची, त्याच वर्षातली.

8 नोव्हेंबर

दिवाळी झाली, माणसे भेटू लागली. खडक समजून घेतला. वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या (छिद्रांचा खडक), त्याखाली काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. विहीर खोदणाऱ्यांच्या मते पाणी मांजऱ्यात आणि कातळाच्या चिरांत. भूगर्भवाल्यांचेही म्हणणे तेच, फक्त शब्द वेगळे.

अर्थशास्त्रासाठी या खडकातला एकच आकडा पुरे: झिजलेल्या बेसॉल्टमधून उपसून मिळणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण 2 टक्के, फार तर 1 ते 3. म्हणजे एक हेक्टरवर पाण्याची पातळी एक मीटरने वाढली तर मिळतात फक्त 200 घनमीटर. नदीकाठच्या वाळूत याच्या कितीतरी पट मिळाले असते. ‘विहिरीची पातळी मीटरभर वाढली’ हे वाक्य वर्तमानपत्रात भारदस्त वाटते. बेसॉल्टमध्ये त्याचा अर्थ हेक्टरी दोन सेंटिमीटर पाणी.

हिशेबाचे एकक ठरवले: एकरी एक पाळी, म्हणजे एका एकराला एका वेळचे पाणी. साडेसात सेंटिमीटर पाणी एका एकराला म्हणजे 303 घनमीटर, तीन लाख लिटर. शेतकऱ्याला घनमीटर सांगून उपयोग नाही. ‘तुमच्या किती पाळ्या वाढल्या?’ विचारले की उत्तर येते.

27 नोव्हेंबर

तलाव किती मुरवतो? अख्खा दिवस याच्यावर गेला.

भूजल अंदाज समितीच्या 1997 च्या पद्धतीत दोन नियम आहेत. तलाव-तळ्यांसाठी: पसरलेल्या पाण्याच्या सरासरी क्षेत्रावर रोज 1.4 मिलिमीटर मुरते असे धरा. पाझर तलावांसाठी: जितक्या वेळा भरेल त्या एकूण साठ्याच्या 50 टक्के मुरते असे धरा.

आमच्या तलावाचे पाणी सरासरी 2 हेक्टरवर पसरते, साठा सुमारे 40 हजार घनमीटर. पहिल्या नियमाने चार महिन्यांत 3,360 घनमीटर. दुसऱ्याने, एकदाच भरला असे धरूनही, 20 हजार घनमीटर. पाळ्यांत सांगायचे तर 11 आणि 66. एकच तलाव, एकाच पद्धतीतले दोन नियम, आणि सहापट फरक. कागदावर ‘तलाव’ लिहायचे की ‘पाझर तलाव’, यावर प्रकल्प फायद्यात की तोट्यात हे ठरू शकते.

खरे उत्तर तळाच्या गाळावर आहे. चिकण गाळ साचला की पाझर तलावाचा साधा तलाव होतो. मग जमिनीत जाते त्याहून जास्त पाणी उन्हाने उडते. नुकताच गाळ काढलेला तलाव दुसऱ्या नियमाच्या जवळ असेल, दहा वर्षांनी पहिल्याच्या. त्यामुळे फायद्याचा आकडा दरवर्षी घटता धरायला हवा. पाहिलेल्या बहुतेक अहवालांत तो वीस वर्षे सपाट धरलेला असतो.

14 डिसेंबर

खर्चाची बाजू. दुरुस्तीचा खर्च हिशेबासाठी गोल 5 लाख धरला. आयुष्य 10 वर्षे, व्याजदर 8 टक्के. वर्षाला पडतात सुमारे 74,500 रुपये.

66 पाळ्या मिळाल्या तर एक पाळी पडते 1,129 रुपयांना. 11 च मिळाल्या तर 6,773 रुपयांना.

आता पिके. 2024-25 च्या हंगामासाठी उसाची एफआरपी (कारखान्याने द्यायचा किमान दर) 10.25 टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, टनाला 3,400 रुपये. आपल्याकडे उतारा याहून बरा असतो, पण तोडणी-वाहतूक त्यातूनच कापली जाते. हातात टनाला 2,600 राहतात असे गृहीत धरले. स्वस्त पाळीला एकरी अर्धा टनापेक्षाही कमी ऊस वाढला तरी खर्च निघतो. महाग पाळीला 2.6 टन वाढायला हवा, आणि एका पाळीने तेवढा वाढत नाही.

हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला 5,650. स्वस्त पाळीला 20 किलो, महाग पाळीला 120 किलो. एक पाणी दिले तर हरभरा 30 टक्क्यांनी, दोन दिली तर 60 टक्क्यांनी वाढतो, असे कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत येते. जिरायत हरभरा एकरी चार क्विंटल धरला तर एका पाण्याने वाढ 120 किलो. म्हणजे तलावाने कमीत कमी पाणी मुरवले तरी हरभऱ्यावर खर्च बरोबरीत निघतो. (काढणी-मळणीचा जादा खर्च यात धरलेला नाही.)

हे वाचून वाटेल, झाले तर मग, हरभरा करा. पण पुढची नोंद वाचावी.

11 जानेवारी 2025

फेरी मारली. विहिरी दोन्हीकडच्या अजून चांगल्या. हरभरा घाट्यांत आहे आणि त्याला मिळालेले पाणी तलाव नसता तरी मिळालेच असते. पलीकडच्या ओढ्यावर तलाव नाही, तरी तिथल्याही हरभऱ्याला दोन पाणी बसले. अवंदासारख्या ओल्या वर्षी तलावाचे वाढीव पाणी विहिरीत येते फेब्रुवारीनंतर, आणि तेव्हा हरभरा खळ्यावर असतो. ते पाणी जाते उसाला, मक्याला, उन्हाळी भुईमुगाला नाहीतर वैरणीला. हरभऱ्याच्या पाळीची किंमत तलावाच्या जमेला धरायची तर ती 2023 सारख्या वर्षी, जेव्हा विहीर नाताळातच बसते. पण त्या वर्षी तलावही पुरता भरत नाही.

म्हणून एकच ‘सरासरी वर्ष’ धरून चालणार नाही. ओल्या वर्षाचा तक्ता वेगळा: पाणी भरपूर, किंमत उशिरा येणाऱ्या पाळ्यांची. कोरड्या वर्षाचा वेगळा: पाणी थोडे, पण प्रत्येक पाळी पीक वाचवणारी. माझ्या अंदाजाने दुसरा तक्ता तलावाच्या बाजूने जास्त बोलेल. तो भरायला कोरडे वर्ष यावे लागेल आणि त्याची कुणी वाट बघत नाही.

9 फेब्रुवारी

वीज. पुनर्भरणाच्या प्रत्येक अहवालात ‘पंपाच्या विजेची बचत’ असा रकाना असतो. करून पाहिला. एक घनमीटर पाणी एक मीटर उचलायला, पंप-मोटरची कार्यक्षमता 40 टक्के धरून, 0.0068 युनिट. पातळी पाऊण मीटरने वर असली तर एका पाळीमागे बचत दीड युनिट. दीड! पाच एचपीची मोटर एका एकराला पाणी पाजायला दहा-अकरा तास चालते, 40 युनिटांच्या आसपास खाते. त्यात दीड युनिट म्हणजे काहीच नाही.

उलट, वाढलेल्या पाळ्या उपसायला जादा वीज लागते. आणि एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे, म्हणजे तो खर्च शेतकऱ्याच्या तक्त्यात येतच नाही, सरकारच्या तक्त्यात येतो. दोन तक्ते वेगळे ठेवायचे ठरले: शेतकऱ्याचा आणि समाजाचा. पहिल्यात वीज शून्य, दुसऱ्यात वजा.

जमिनीच्या वाढलेल्या भावाचा रकाना काढून टाकला. पाणी आले म्हणून पीक वाढले, पीक वाढते म्हणून जमिनीला भाव आला. दोन्ही मिळवले तर तोच रुपया दोनदा मोजला जातो.

उरलेला मोठा रकाना: टळलेला खर्च. विहिरीतले आडवे बोअर, विहीर खोल करणे, नवी बोअर. हा रकाना भरायला माणसांशी बोलावे लागते, आणि गावात परवाच बोअरची गाडी आली. तलावाखालच्याच शेतात. पाणी वाढल्याची बातमी रिगवाल्यापर्यंत आमच्या आधी पोचली. पाइपलाइनीसाठी कर्ज काढून ऊस वाढवणारे आहेतच. टळलेल्या खर्चाच्या शेजारी आता ‘ओढवलेला खर्च’ असाही रकाना आहे.

16 मार्च

महत्त्वाची मापणी. ऑक्टोबर ते मार्च, तलावाखालच्या विहिरी सरासरी 3.4 मीटरने उतरल्या, पलीकडच्या 4.1 मीटरने. फरक 0.7 मीटर.

तलावाचा प्रभाव ओढ्याच्या दोन्ही अंगांना मिळून 100 हेक्टरवर धरला तर 0.7 मीटर × 100 हेक्टर × 2 टक्के = 14 हजार घनमीटर. 46 पाळ्या. पाळीला 1,620 रुपये. ऊस असेल तर पाळीमागे सव्वासहाशे किलोंनी खर्च निघतो.

दोन नियमांच्या मध्ये, 66 पाळ्यांच्या नियमाकडे झुकलेला आकडा. सुखावणारा आहे, म्हणूनच त्याला दोन बाजूंनी ताणून पाहिले. 100 हेक्टरऐवजी 50 धरले की 23 पाळ्या उरतात आणि पाळी 3,240 रुपयांना पडते; बेसॉल्टमध्ये पाणी चिरांच्या दिशेने पळते, गोल पसरत नाही, त्यामुळे 50 अशक्य नाही. दुसरीकडून, तलावाखालच्या लोकांनी या महिन्यांत मोटरी जास्त चालवल्या. जास्त उपसूनही पातळी वर आहे, म्हणजे आलेले पाणी या फरकाहून जास्त होते. मोटर किती तास चालली याची वही ज्यांनी ठेवली त्यांच्याकडून हे कळेल. एका घरात वही वैनींनी ठेवलीय, कॅलेंडरवर पेन्सिलीने, दिवसाची लाईट आणि रात्रीची लाईट वेगवेगळ्या खुणांनी. आमच्या छापील तक्त्यापेक्षा ती वाचायला सोपी आहे.

13 एप्रिल

काल जोतिबाची चैत्र यात्रा. आज गावात भेटण्यासारखे कोणी नाही, निम्मे गाव डोंगरावरून यायचे आहे. विहिरी मोजून परतलो.

19 एप्रिल

पारावर चर्चा. वाढलेल्या पाळ्या कुठे गेल्या हे विचारले. बहुतेक जुन्या खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसाला). आधी उन्हाळ्यात वीस दिवसांनी पाणी बसायचे, आता बारा-चौदा दिवसांनी. काहींनी सुरू हंगामाच्या (जानेवारी-फेब्रुवारीतल्या) उसाची लावण वाढवली. एकाने भुईमूग केला. ठिबकवाले दोघेच, त्यांना त्याच पाण्यात जवळपास दुप्पट क्षेत्र भिजवता येते, आणि त्यांनी तेच केले, ऊस वाढवून.

मी म्हटले, उसाच्या चार पाळ्यांच्या पाण्यात वैरण जास्त होईल, दुधाला दर आहे. तात्यांनी ऐकून घेतले. “सर, उसाला कारखाना न्यायला येतोय. बाकीच्याला आपनच बाजारात जावं लागतंय.” यावर अर्थशास्त्रात उत्तर आहे, जोखमीची किंमत वगैरे. पण तात्यांचे वाक्य पुरेसे आहे. ऊसच धरून हिशेब करायचा. लोक जे पेरतात त्याचीच किंमत, आम्हाला जे पेरावेसे वाटते त्याची नाही.

तलावाच्या वरच्या अंगाला जमीन असलेली दोन-तीन घरे बैठकीत गप्प होती. त्यांच्या विहिरींना या पाण्याचा थेंबही नाही. फायदा 100 हेक्टरांत विभागून सरासरी काढली की ही घरे आकड्यात नाहीशी होतात. तक्त्यात आता विहीरनिहाय स्तंभ.

10 मे

पावसाळ्याआधीची मापणी. तलावाखालच्या आणि पलीकडच्या विहिरींत फरक जवळजवळ उरलेला नाही. सोबतच्या विद्यार्थ्याने तोंड पाडले. पण यात निराश होण्यासारखे काही नाही. मार्चमध्ये जो फरक विहिरीत होता तो एप्रिलभर उपसून उसाला घातला गेला. तो आता पाण्याच्या पातळीत न दिसता पेऱ्यांच्या लांबीत दिसेल. वैनींच्या कॅलेंडरवर एप्रिलच्या खुणा मार्चपेक्षा दाट आहेत. फक्त मेची पातळी पाहणाऱ्याने ‘तलावाचा परिणाम नाही’ असा निष्कर्ष काढला असता. ज्या गावात उपशाला मर्यादा नाही तिथे मेची पातळी पुनर्भरणाबद्दल फार थोडे सांगते, माणसांबद्दल जास्त.

यातून समाजाच्या तक्त्यात एक कडू ओळ: पुढच्या वर्षासाठी शिल्लक शून्य. 2023 सारखे वर्ष पुन्हा आले तर हा तलाव मागच्या वर्षीचे काही राखून ठेवणार नाही. विमा म्हणून त्याची किंमत धरता येत नाही.

26 मे

20 तारखेपासून पाऊस थांबलेला नाही. मॉन्सून केरळात 24 लाच आला. मेमध्ये ओढे वाहताहेत, वाफसा नाही, सोयाबीनवाले हैराण. मापणी 10 ला उरकली हे बरे झाले; आता मोजले असते तर सगळ्या विहिरी सारख्याच भरलेल्या दिसल्या असत्या. एक पाळी, कदाचित दोन, पावसानेच दिल्या. त्या तलावाच्या खात्यातून वजा, कारण या दिवसांत कोणाच्याही मोटरी चालल्या नाहीत.

15 जून

ओल्या वर्षाचा तक्ता ग्रामपंचायतीकडे दिला. शेतकऱ्याच्या बाजूने पाळीला 1,620 ते 3,240 खर्च; खालच्या टोकाला उसावर सहज निघतो, वरच्या टोकाला एकरी सव्वा टन वाढ लागते आणि ते एका पाळीला भारी आहे. समाजाच्या बाजूने 46 पाळ्यांची सुमारे 1,840 युनिटे वीज वजा, नव्या बोअरचा खर्च वजा. काढलेला गाळ ज्यांनी माळावर पसरला त्यांची जमीन सुधारली, तो फायदा वेगळ्या ओळीत. त्याचा आकडा दोन-तीन पिके पाहिल्याशिवाय भरणार नाही.

सरपंचांनी विचारले, “म्हणजे तलाव परवडला की नाही, एका शब्दात सांगा.” मी सांगितले, गाळ दर तीन-चार वर्षांनी निघाला तर परवडला, नाही निघाला तर नाही. गाळ काढायचा पैसा कुठून, यावर बराच वेळ गेला. विहीरनिहाय स्तंभ तिथे उपयोगी पडला: ज्याच्या जितक्या पाळ्या वाढल्या तितकी त्याची वर्गणी, असा एक प्रस्ताव आला. तलावाखालच्या दोघांनी लगेच पाळ्या कमी झाल्याचे सांगितले. वैनींनी कॅलेंडर मागवले.

पुढच्या हंगामासाठी: तलावात मोजपट्टी बसवायची, आठवड्याला नोंद शाळेतल्या मुलांकडून. मोटरींच्या तासांची वही दोन्ही ओढ्यांवर. नव्या बोअरचे तास वेगळे.